आज पप्पा कोणाचे

कूलरच्या तोंडासमोर कोण झोपणार
यावरून मे महिन्यात आमच्या घरी
रोज रात्री साडेनवाला बैठक बसते.
नैतिक सात वर्षांचा, लोहित चारचा.
मधे मी, हातात बादली.

शेवटी खडू आणला.
कूलरच्या नाकापासून थेट भिंतीपर्यंत
सतरंजीवरून रेघ मारली.
लोहितने पाय पसरून पाहिले,
अंगठा हद्दीबाहेर जातो का.
गेला.

मी पतसंस्थेत असते, कॅशला.
दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून घरी यायचं
आणि दुधाचे दोन पेले
डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचे.
बट्टी फोडताना तूप एकीकडे ओघळलं
की दुसरीकडून आवाज येतोच,
"मम्मी, त्याले जास्त दिलं तू."
केळीचं तेवढं बरं आहे.
भंगाळेकाकू रावेरहून अख्खी फणी आणतात,
केळं कुणी मोजून मागत नाही.

मग एका रविवारी त्यांनी आम्हालाच वाटून घेतलं.
किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, लाल पेनने:
न, लो, न, लो.
'न'च्या दिवशी पप्पा नैतिकचे, मम्मी लोहितची.
'लो'च्या दिवशी उलट.
लोहितला लिहिता येतं ते एवढंच एक अक्षर,
त्याची मात्रा कधी एकादशीवर पडते,
कधी दुधाच्या खाड्यावर.
"आणि एकतीस तारीख?" मी विचारलं.
नैतिकने बराच विचार केला.
"त्या दिवशी तुम्ही तुमचे तुमचे."

रेल्वे मात्र हा करार मानत नाही.
हेमराज मालगाडीचा गार्ड.
रात्री दोनला फोन वाजतो: बडनेरा.
कधी खंडवा. कधी नुसतंच, या.
डबा, टॉर्च, बॅग. मी दार लावून घेते,
आणि सकाळी 'लो'च्या चौकोनात
लोहितचे पप्पा नसतात.

तो रडला नाही. त्याने हिशोब ठेवला.
एक दिवस बुडाला की
फ्रिजवरच्या वाटीत भुईमुगाची एक शेंग.
तिसऱ्या आठवड्यात वाटीत सहा.
मला आमचे थकबाकीदार आठवले,
वसुलीला गेलं की ज्यांच्या घराला कुलूप.

सव्वीस तारखेला लाईट गेली.
दिवसभराचे पंचेचाळीस डिग्री पिऊन
भिंती आता ते ओकत होत्या.
आम्ही ओल्या चादरी घेऊन गच्चीवर.
पलीकडे यार्डात वाघिणी एकमेकींना धडकत गेल्या,
धड, धड, धड, पार लांबपर्यंत.
कूलर नव्हता, त्याचं तोंड नव्हतं,
तरी लोहितने नखाने गच्चीवर रेघ ओढली.
"ही गाडी पप्पांची आहे का?"
"नाही. पप्पांच्या गाडीच्या मागे लाल दिवा राहतो."
"सगळ्यायले राहतो."
"पप्पांचा जास्त लाल राहतो."

मग बऱ्याच वेळाने,
मला झोप लागली असं समजून, नैतिक:
"उद्याचा माझा दिवस तू घेऊन घे."
आणि लगेच,
"पण जेवणापर्यंतच."

हेमराज सहाला आला.
ब्रेकव्हॅनची धूळ, घाम, डोळे तांबडे.
गच्चीच्या दारात जरा वेळ नुसताच उभा राहिला.
जागा एकच होती, दोघांच्या मधे, रेघेवर.
बूट न काढता तिथे आडवा झाला.
लोहितने झोपेतच
त्याच्या शर्टाच्या दोन गुंड्यांमधून हात आत घातला.

मी दूध तापवायला खाली आले.
वाटीतली एक शेंग उचलून फोडली.
आत तीन दाणे निघाले.
उभ्याउभ्याच खाऊन टाकले,
टरफल ओट्याखालच्या डब्यात, खाली दाबून.
कॅलेंडरवर बघितलं.
एकतीस तारखेला चार दिवस होते,
आणि त्या चौकोनात कोणाचंच अक्षर नव्हतं.